निर्धोक म्हणजे किती निर्धोक?

काही प्रश्न असे असतात की, विचारणाऱ्याला 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर हवे असते आणि ज्याला विचारले त्याच्यापाशी नेमके तेच नसते. त्याच्यापाशी असते ते 'इतक्या प्रमाणात', 'अशा परिस्थितीत', 'आजच्या ज्ञानाप्रमाणे' अशा स्वरूपाचे उत्तर. गर्भिणीने क्ष-किरणांचे छायाचित्र काढून घ्यावे काय, हा अशा प्रश्नांपैकी एक होय. वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावे आणि आमच्यासारख्या कारकुनाने आपल्या टेबलावरील फायलींकडे पाहावे, हे उचित. परंतु या प्रश्नाचा इतिहास चाळू लागले म्हणजे ध्यानात येते की, त्यातील वैद्यकाचा भाग पुष्कळसा सुटलेला आहे; न सुटलेला भाग नीतीचा आहे. जे नुकसान निश्चित नाही ते टाळण्यासाठी हाती असलेला लाभ सोडावा काय? संशय आणि सिद्धता यांच्या मधल्या काळात माणसाने कसे वागावे? आणि ज्याला अद्याप वाचा नाही, नाव नाही, जन्मतारीखही नाही, त्याच्या वतीने संमती कोणी द्यावी?

हे प्रश्न रुग्णालयाच्या चार भिंतींत मावणारे नव्हेत. धोका लहान असो वा मोठा, आपण तो दुसऱ्याच्या माथी मारीत असतो तेव्हा आपले कर्तव्य काय, हा त्यांचा गाभा आहे. आणि तो शासकीय कचेरीत बसणाऱ्यालाही तितकाच लागू आहे.

१

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्झबर्ग येथे या किरणांचा शोध लावला आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बीजगणितात अज्ञात राशीस जे नाव देतात तेच त्याने या किरणांस दिले. आपणही त्यास 'क्ष' म्हणू लागलो. नाव अज्ञाताचे राहिले, पण वापर मात्र सर्वज्ञाच्या आत्मविश्वासाने सुरू झाला. मोडलेले हाड, छातीत अडकलेली गोळी, गिळलेले नाणे, हे सारे न कापता दिसू लागले. मग पोटातले मूल तरी का दिसू नये? मूल आडवे आहे की पायाळू, एक आहे की जुळे, मातेच्या कटीच्या अस्थींतून त्याचे डोके सुखरूप बाहेर येईल की नाही, हे आधी कळले तर प्रसूतीच्या वेळी दोन जीव वाचण्याचा संभव होता. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावाशतकात गर्भिणीच्या पोटाचे छायाचित्र घेणे हा प्रसूतिशास्त्राचा एक रुळलेला रिवाज झाला. हे करणारे डॉक्टर निष्काळजी नव्हते. त्यांच्या समोर उघड्या डोळ्यांना दिसणारा लाभ होता आणि हानी दिसत नव्हती. हानी 'दिसत नाही' आणि हानी 'नाही' ही दोन वाक्ये भिन्न आहेत, एवढेच त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

ते ध्यानात आणून दिले ऑक्सफर्ड येथील डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट या विदुषीने. इंग्लंडात लहान मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत होते आणि कारण उमगत नव्हते. स्ट्युअर्टबाईंना वाटले की, डॉक्टरांच्या नोंदीत जे नाही ते मातांच्या स्मरणात असू शकेल; तेव्हा मातांनाच विचारावे. या कामासाठी त्यांना मोठे अनुदान कोणी दिले नाही. एक हजार पौंडांची जी मदत मिळाली ती लेडी टाटा स्मारक निधीकडून. येथे मराठी वाचकाने क्षणभर थबकावे. मुंबईत जन्मलेल्या मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांनी पुढल्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ या रोगाच्या संशोधनासाठी हा निधी उभारला. एका शोकाकुल पतीने मुंबईत बाजूस काढलेली रक्कम वीस-पंचवीस वर्षांनी ऑक्सफर्डच्या एका विदुषीच्या हाती पडावी आणि तिने जगातील अनेक बालकांवरील एक धोका उजेडात आणावा, ही दानाची गती विलक्षण खरी.

इंग्लंड व वेल्समधील आरोग्य खात्यांच्या डॉक्टरांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या मातांना आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या मातांना एकच प्रश्नावली घालून उत्तरे टिपली. १९५६ साली 'लॅन्सेट'मध्ये पहिले निष्कर्ष आले आणि १९५८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सविस्तर अहवाल. दगावलेल्या मुलांच्या मातांमध्ये गरोदरपणी पोटाचे क्ष-किरण छायाचित्र काढलेल्यांचे प्रमाण निरोगी मुलांच्या मातांच्या जवळजवळ दुप्पट निघाले.

२

एवढा पुरावा पुढे आल्यावर रिवाज थांबला असेल, असे कोणासही वाटेल. तो लगेच थांबला नाही, कमी कमी होत गेला. आणि तो का थांबला नाही याची कारणे निव्वळ दुराग्रहाची नव्हती. पहिला आक्षेप असा की, ज्या मातेचे मूल गेले ती आपल्या गरोदरपणातील प्रत्येक लहानसहान घटना पुन्हा पुन्हा आठवीत बसते. जिचे मूल अंगणात खेळते आहे ती कशाला आठवील? तेव्हा हा फरक किरणांचा नसून स्मरणाचा असेल. आक्षेप तर्कशुद्ध होता. दुसरा आक्षेप आकड्यांचा. १९६० साली कोर्ट ब्राउन, रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या तिघा नामांकितांनी, गर्भावस्थेत क्ष-किरण लागलेल्या ३९,१६६ मुलांचा रुग्णालयीन नोंदींवरून मागोवा घेतला. त्यांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ज्यांनी सिद्ध केला, त्यांत डॉल व हिल हे अग्रगण्य. अशांच्या शब्दाला वजन असणारच.

त्यानंतर १९६२ साली हार्वर्डच्या ब्रायन मॅकमाहन यांनी अमेरिकेच्या ईशान्य भागातील सात लाखांहून अधिक जन्मांच्या नोंदी तपासल्या. येथे मातेच्या स्मरणाचा प्रश्नच नव्हता. छायाचित्र काढले की नाही, हे रुग्णालयाच्या दप्तरावरून ठरत होते. त्यांना कर्करोगाच्या मृत्यूंत सुमारे ४० टक्के वाढ आढळली. मातांच्या साक्षीवर जो संशय घेतला गेला होता, त्यातील पुष्कळसा दप्तरानेच दूर केला. १९६० च्या पाहणीत मुले हजारोंनी असली, तरी त्यांतील या रोगाचे मृत्यू अवघे नऊ होते. इतक्या थोड्या आकड्यांतून लहानशी वाढ हाती लागणे कठीणच. पुढे १९९७ साली खुद्द डॉल यांनी रिचर्ड वेकफर्ड यांच्यासह सर्व पुराव्याचे परिशीलन करून निर्वाळा दिला की, दहा मिलिग्रेच्या आसपासची मात्रादेखील गर्भस्थ बालकाचा पुढील कर्करोगाचा धोका वाढविते. पहिल्या लेखापासून या निर्वाळ्यापर्यंत एकेचाळीस वर्षे लोटली. स्ट्युअर्टबाई तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या, पण हयात होत्या.

या एकेचाळीस वर्षांकडे आम्ही विज्ञानाची नाचक्की म्हणून पाहत नाही. शंका घेणे, पुन्हा मोजणे, आणि पुरावा बदलला म्हणजे मत बदलणे हा विज्ञानाचा धर्मच आहे. डॉल यांनी तो पाळला. आमचा प्रश्न निराळा आहे. विज्ञानाला एकेचाळीस वर्षे थांबता येते. पण आज सकाळी रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या गर्भिणीला थांबता येत नाही. तिच्याबाबत आजच निर्णय घ्यावा लागतो. मग सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानण्याचा न्यायालयीन नियम येथे लावावा काय?

आमच्या मते लावू नये. आरोपी मनुष्यास आपण निर्दोष मानतो, कारण निरपराध्यास शिक्षा होणे हा अन्याय आहे, आणि तो अन्याय एका जिवंत माणसावर घडतो. यंत्रावर अन्याय होत नाही. क्ष-किरणाच्या यंत्रास कोपऱ्यात उभे केले तर त्याची बदनामी होत नाही, त्याच्या घरची चूल विझत नाही. उलट पक्षी फिर्यादीकडे पाहावे, तर त्यास अजून जन्मच घ्यावयाचा आहे. तो अर्ज करू शकत नाही, तारखेस हजर राहू शकत नाही. महाभारतातील कथा सर्वांस ठाऊक आहे: अश्वत्थाम्याने सूडाच्या भरात उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले आणि श्रीकृष्णाने तो गर्भ राखला, त्याचेच नाव परीक्षित. त्या कथेत मारणारा आणि तारणारा दोघेही दिसतात. आजच्या कथेत मारण्याचा हेतू कोणाचाच नसतो; म्हणूनच तारणाऱ्याचे काम अधिक अवघड. जेथे दुष्ट कोणी नाही, तेथे सावध कोणी राहावे?

म्हणून आम्हांस असे वाटते की, जेथे लाभ टाळता येण्याजोगा आणि पर्याय उपलब्ध आहे, तेथे साधार संशय एवढ्यानेच हात आखडता घेणे हे कर्तव्य ठरते. सिद्धतेची वाट पाहणे ठरत नाही. मात्र 'साधार' आणि 'पर्याय उपलब्ध' या दोन अटी वाचकांनी विसरू नयेत. त्या विसरल्या म्हणजे काय होते, ते आता सांगावयाचे आहे.

३

२६ एप्रिल १९८६ रोजी सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला. शेकडो कोस दूर असलेल्या ग्रीस देशात किरणोत्साराची जी मात्रा पोचली ती इतकी अल्प होती की, गर्भास एक मिलिसीव्हर्टही लागली नसावी. परंतु भय मात्रा मोजून येत नाही. वर्तमानपत्रे काहीतरी लिहीत होती, डॉक्टरांतही एकवाक्यता नव्हती. पुढे जानेवारी १९८७ मध्ये त्या देशातील जन्मसंख्या एकाएकी उतरली. १९८७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असा अंदाज वर्तविला आहे की, सुमारे २,५०० गर्भ, जे एरवी हवेहवेसे होते, केवळ या भयापोटी पाडले गेले. किरणांनी त्यांतील एकाचेही नुकसान झाले असते असे मानावयास फारसा आधार नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. येथे तर ताकाचे भांडेच उकिरड्यावर रिते करण्यात आले.

ही गोष्ट दूरदेशीची आहे असे मानण्याचे कारण नाही. आमच्या एका स्नेह्यांची बदली चेन्नईस झाली होती. नवे शहर, अनोळखी भाषा, घरात वडीलधारे कोणी नाही. वहिनी जिन्यावरून घसरल्या, कंबर दुखावली आणि क्ष-किरण छायाचित्रे घेतली गेली. प्रतीक्षागृहाच्या भिंतीवर 'आपण गर्भवती असल्यास तंत्रज्ञास सांगावे' अशा अर्थाची पाटी होती, पण ती तमिळमध्ये. आणि त्यांना तरी दिवस गेल्याचे कोठे ठाऊक होते? दोन आठवड्यांनी कळले. मग दूरध्वनी खणखणू लागले. साताऱ्याहून सासूबाई म्हणाल्या, "विषाची परीक्षा कशाला पाहतेस, पोरी? अजून वेळ गेलेली नाही." थोरल्या दिरांनीही तेच सांगितले. सर्वांचे प्रेम खरे होते आणि सर्वांचा सल्ला एकच होता.

विषाची परीक्षा पाहू नये, ही म्हण आम्हांस मान्य आहे. पण ती कोठे लागू पडते? पेला बाजूस सारल्याने काहीच गमवावे लागत नसेल, तेथे. येथे पेला बाजूस सारणे म्हणजे एका जिवाचा शेवट करणे होते. एका शंकेपासून मुलाला वाचविण्यासाठी मूलच नाहीसे करावयाचे, यातील विसंगती प्रेमाच्या भरात कोणाच्या ध्यानात येत नव्हती.

सुदैवाने त्यांना भेटलेल्या डॉक्टरीणबाई मोजणाऱ्या होत्या. कोणत्या भागाची, किती छायाचित्रे, कोणत्या यंत्रावर घेतली याचा हिशेब त्यांनी रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञाकडून करवून घेतला, आणि तो आकडा या दोघांपुढे ठेवला. गर्भास लागलेली मात्रा तीन मिलिग्रेच्या आत होती. आकडा काय सांगतो ते वाचकांनीही पाहून ठेवावे, कारण परप्रांती असता ही वेळ कोणावरही येऊ शकते.

आपण सारे जण पृथ्वीतून आणि आकाशातून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्सारात अहोरात्र राहतो. नऊ महिन्यांत गर्भास अर्धा ते एक मिलिग्रे मात्रा तशीच मिळते. केरळातील करुनागपल्लीसारख्या किनारी भागात, जेथील वाळूत थोरियम आहे, तेथे ती याहून जास्त असते. छातीचे छायाचित्र घेतले तर गर्भास लागणारी मात्रा एक मिलिग्रेच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. पोटाच्या छायाचित्रात ती फार तर तीनच्या आसपास जाते. संगणकीय छेदचित्रणात, ज्याला सर्वत्र सीटी स्कॅन म्हणतात, कटिभागाचे चित्रण असेल तर ती दहापासून क्वचित पन्नासपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेचे २०१७ चे मत असे की, पन्नास मिलिग्रेच्या खाली गर्भात व्यंग वा गर्भपात यांचा संबंध आढळलेला नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट म्हटले आहे की, शंभर मिलिग्रेच्या खालील मात्रेमुळे गर्भ पाडणे समर्थनीय नाही. मोठ्या मात्रेचा धोका मात्र खरा आहे: हिरोशिमा व नागासाकी येथे आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत ज्या गर्भांस फार मोठी मात्रा लागली, त्यांच्यापैकी अनेकांची बौद्धिक वाढ खुंटली.

राहता राहिला कर्करोग. डॉल व वेकफर्ड यांच्या हिशेबाने दहा मिलिग्रेमागे धोका दहा हजारांत सुमारे सहाने वाढतो. म्हणजे तीन मिलिग्रेमागे दहा हजारांत सुमारे दोनाने. किरण मुळीच न लागलेल्या दहा हजार मुलांतही वीस ते तीस जणांना बालपणी कर्करोग होतोच, आणि शंभरातील सुमारे तीन मुले काही ना काही व्यंग घेऊन जन्मतात. वहिनींपुढे प्रश्न होता तो एवढाच: दहा हजारांत दोन या अधिकच्या धोक्यासाठी उरलेल्या नऊ हजार नऊशे अठ्ठ्याण्णवांची आशा मोडावी काय? त्यांनी मोडली नाही.

मुलगी झाली आणि ती निरोगी आहे. परंतु हे आम्ही पुरावा म्हणून सांगत नाही. एका उदाहरणाने धोका नाही असे सिद्ध होत नाही. उद्या ती आजारी पडली तर धोका होता असेही सिद्ध होणार नाही. निर्णयाची योग्यता फळावरून ठरवावयाची नसते. त्या क्षणी उपलब्ध असलेले ज्ञान प्रामाणिकपणे मिळविले की नाही, आणि त्यानुसार धीराने वागले की नाही, यावरून ती ठरते. फळ वाईट आले असते तरीही त्या दोघांचा निर्णय योग्यच राहिला असता. हे म्हणावयास सोपे आणि पचविण्यास फार कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

४

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तुम्ही आधी भय शिकविले आणि मग भयाचे भय शिकविता. माणसाने करावे तरी काय? वस्तुतः या दोन्ही गोष्टींत विरोध नाही. १९५० च्या सुमारास डॉक्टरांनी धोका मोजल्याशिवाय लाभ घेतला. १९८६ साली ग्रीसमध्ये लोकांनी धोका मोजल्याशिवाय पळ काढला. दोहोंत उणीव एकच: मोजण्याची. ग्रहणकाळी गर्भिणीने चिरू नये, कापू नये, असे आपल्या घरांत सांगत आले. त्यामागे वात्सल्य नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ज्या सावधगिरीला माप नाही ती रूढी होते, आणि ज्या धैर्याला माप नाही तो बेफिकीरपणा होतो. विवेक हा या दोहोंच्या मध्ये उभा असतो, हातात तराजू घेऊन.

तराजू हाती असला म्हणजे नियमही बदलावे लागतात. एके काळी उंदरांवरील प्रयोगांवरून लियेन व विल्यम रसेल या शास्त्रज्ञ दांपत्याने सुचविले होते की, प्रजोत्पादनाच्या वयातील स्त्रीच्या पोटाचे छायाचित्र पाळीच्या प्रारंभापासून दोन आठवड्यांच्या आतच घ्यावे. पुढे त्याचा 'दहा दिवसांचा नियम' झाला आणि १९८० नंतरच्या दशकात, आरंभीच्या दिवसांतील धोका समजला होता त्याहून कमी आहे असे दिसल्यावर, तो मागे घेण्यात आला. शिशाचा झगाही असाच. गर्भिणीच्या पोटावर तो घालावा असे कित्येक वर्षे सांगितले जात असे. २०१९ साली अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांच्या संस्थेने कळविले की, आजच्या यंत्रांत त्याचा लाभ नगण्य असून क्वचित तो अडथळाच होतो, तेव्हा सरसकट वापरू नये. 'या विषयावरील पूर्वीची सर्व परिपत्रके अधिक्रमित करण्यात येत आहेत', हे वाक्य आम्ही शेकडो वेळा टंकलिखित केले असेल. पूर्वीचे परिपत्रक काढणारे मूर्ख होते असा त्याचा अर्थ कधीच नसतो. त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढ्यावर त्यांनी काढले. आता अधिक कळले. परिपत्रक अधिक्रमित होऊ शकते ही शासनाची लाज नव्हे. अधिक्रमित करण्याजोगे असूनही ते तसेच चालू ठेवणे ही लाज.

आणि मोजताना पारड्यात माताही घालावी लागते, हे विसरले जाते. क्षयरोग आपल्या देशातून गेलेला नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकणाऱ्या गर्भिणीने 'पोटात मूल आहे' म्हणून छातीचे छायाचित्र नाकारले, तर ती कशापासून कशाचे रक्षण करते? छायाचित्राची मात्रा नऊ महिन्यांच्या नैसर्गिक मात्रेच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी. आणि उपचार न झालेला क्षय मातेस व मुलास दोघांनाही पोखरणारा. गर्भाचे हित मातेच्या हिताहून वेगळे काढून तिजोरीत ठेवता येत नाही. मातृत्वाची थोरवी गाताना आपण मातेला अनेकदा केवळ पात्र समजतो. ती स्वतः एक रुग्ण आहे, एक मनुष्य आहे, आणि निर्णय प्रथम तिचा आहे, हे आपल्याला सुचत नाही. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे, म्हणजे न जन्मलेल्याच्या वतीने संमती कोणी द्यावी याचे, आमचे उत्तर हेच: मातेने द्यावी, मात्र तिला खरे सांगून.

५

'खरे सांगून' या दोन शब्दांत सारी अडचण आहे. 'काही होत नाही हो, निर्धास्त राहा' असे म्हणणारा डॉक्टर दयाळू भासतो. 'मुळीच काढू नका' असे म्हणणारा सावध भासतो. दोघेही आपली स्वतःची सुटका करून घेत असतात. पहिला रुग्णाच्या प्रश्नातून सुटतो, दुसरा जबाबदारीतून. 'धोका आहे, तो इतका आहे, न काढल्यास धोका इतका आहे, सोनोग्राफीने किंवा चुंबकीय चित्रणाने भागत असेल तर तसे करू, भागत नसेल तर काढू, आणि मी तुमच्या बरोबर आहे', असे म्हणणारा तिसरा मात्र वेळ खर्च करतो, आणि आपले अज्ञान किती तेही उघड करतो. आम्हां शासकीय नोकरांस हे तिन्ही प्रकार आपल्या टेबलावर रोज भेटतात. अर्जदाराला 'होऊन जाईल' म्हणून वाटेस लावणारा, 'नियमात बसत नाही' म्हणून परत पाठविणारा, आणि नियम उघडून त्याच्या शेजारी बसणारा. तिसऱ्याची संख्या कमी का असते, हे वाचकांस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा लेख पुरा होणार नाही. ज्या १९५८ साली स्ट्युअर्टबाईंचा सविस्तर अहवाल आला, त्याच वर्षी ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी ध्वनिलहरींनी पोटाच्या आतील चित्र घेण्याविषयीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. हाच तो पर्याय, ज्याने पुढे गर्भाच्या क्ष-किरण छायाचित्राची गरज जवळजवळ संपविली. वैद्यकीय वापरात या ध्वनिलहरींपासून गर्भास अपाय झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. निर्धोक यंत्र असे ज्याला म्हणावे असे ते होते. त्याच यंत्राने आपल्या देशात काय घडले? मुलगा की मुलगी हे पाहून मुलींचे गर्भ पाडले गेले; इतके की १९८८ साली महाराष्ट्राला आणि १९९४ साली संपूर्ण देशाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. ज्या किरणांच्या धोक्याविषयी जगातील पंडित चार दशके वाद घालीत होते, त्यांनी आपल्याकडे नेले असतील त्याहून कितीतरी अधिक जीव या निरुपद्रवी यंत्राच्या आधाराने गेले. धोका लहरींत नव्हता, पाहणाऱ्याच्या नजरेत होता. यंत्र निर्धोक करता येते. त्याच्यासमोर बसलेला मनुष्य निर्धोक करण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही.

चरकसंहितेत गर्भिणीविषयी एक सुंदर उपमा आहे. काठोकाठ तेलाने भरलेले पात्र जसे हिंदकळू न देता जपावे, तसे तिला जपावे, असा तिचा आशय. या उपमेचा एक अर्थ सर्वांनीच घेतला आहे: धक्का लागू देऊ नये. दुसरा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते. पात्र तुडुंब आहे म्हणून ते उचलावयाचेच नाही, असे वैद्य म्हणत नाही. ते न्यावयाचे आहे, उंबरे ओलांडावयाचे आहेत, अंधाऱ्या बोळांतूनही जावयाचे आहे. कोणीही भयाने पात्र ठेवून देऊ नये किंवा बेफिकिरीने धावू नये. डोळे उघडे ठेवून, पुढील पायरी किती उंच आहे ते पाहून, पाऊल टाकावे. निर्धोक असे या जगात काहीच नाही. पण जपून नेलेले पुष्कळ काही मुक्कामी सुखरूप पोचते.